एक्कावन्नावा प्रश्न

अक्काताई खासगी तपास करत. हल्ली मात्र जिना दिसला की त्यांना गुन्हाच नकोसा होई. निपाणीच्या शिक्षणसंस्थेचा जिना चढून त्या वर आल्या, तेव्हा उपासना बाकावर बसली होती.

शिक्षक भरतीची प्रश्नपत्रिका उपासनाने काढली, टाइप केली आणि ती परीक्षेआधीच मोबाइलवर फिरली. संध्याकाळी पाचला तिला कामावरून काढायचे ठरले होते. विडी वळणाऱ्या तानीबाईंची ही लेक घरातली पहिली पदवीधर.

"माझ्याबिगर कुणी बघितलाच न्हाय पेपर, आक्का. म्हणून मीच चोर."

परशराम, अक्काताईंचा मावसभाऊ, गाडी चालवी आणि सांगितले तर मोजदादही करी. मूळ पेपरात पन्नास प्रश्न, फुटलेल्यात एक्कावन्न. कुणी तरी एक वाढवला असंल, असे तो म्हणाला.

जादा प्रश्न लोंढ्याहून सुटणाऱ्या रेल्वेगाडीच्या गणिताचा होता. उपासनाने तो लिहिला होता, पण उत्तर अपूर्णांकात येते म्हणून फाइल साठवण्याआधीच पुसला होता. कागदावर तो कधी उतरलाच नाही.

तिचे काम बेळगावच्या एका मोठ्या यंत्रावर चाले. त्यातले सॉफ्टवेअर एकाच यंत्रात अनेक आभासी संगणक उभे करी आणि ते भाडेकरूंना दिले जात.

ते बेळगावला गेले. यंत्र सांभाळणारा नागेंद्र कंटाळलेला होता. एका भाडेकरूला दुसऱ्याचे दिसत नाही, म्हणाला. सॉफ्टवेअरची दुरुस्ती मात्र तीन महिने पडून होती, कारण त्यासाठी सगळे बंद करावे लागे आणि संकेश्वरचा एक भाडेकरू, क्लासवाला सूरज, अडून बसला होता. नोंदींत नावे नव्हती, नुसते क्रमांक. उपासनाचा चार नंबर रोज संध्याकाळी सहाला बंद होई. अकरा नंबर सहा वाजून एक मिनिटाने बंद होऊन लगेच चालू होई.

नागेंद्रला घेऊन ते संकेश्वरला थांबले. सूरजने चहा पाजला. त्याच्या पडद्याच्या कोपऱ्यात अकरा आकडा होता.

"माझा क्लास एक मिनिट बंद चालत न्हाय, आक्का," तो म्हणाला. परीक्षांचा जाणकार म्हणून तो निपाणीला यायलाही तयार झाला.

साडेचारला सगळे सचिव भीमाप्पांसमोर बसले. अक्काताई दमल्या होत्या, बसूनच बोलल्या.

"पुसलेला प्रश्न एकाच जागी उरू शकतो, यंत्राच्या तात्पुरत्या मेमरीत. एक संगणक बंद झाला की ती जागा साफ करूनच दुसऱ्याला द्यायची असते. या सॉफ्टवेअरात ती तशीच दिली जाते, खरकटं ताट पुढच्याला वाढावं तशी. नागेंद्रनं रखडवलेली दुरुस्ती ह्याच दोषाची."

"मग ताट कुणाला मिळालं?" परशरामने विचारले.

"जो लगेच पानावर बसला त्याला. अकरा नंबर. एक मिनिट बंद चालत न्हाय म्हणून ह्यानं दुरुस्ती अडवली, आणि रोज सहा-एकला स्वतःच बंद करून उपासनाची जागा उचलली. पुसलेलं आणि ठेवलेलं त्याला वेगळं ओळखता आलं न्हाय. म्हणून एक्कावन्न."

 नागेंद्रने कपाळ धरले.

भीमाप्पांनी उपासनाला काढण्याचा आदेश खणात टाकला. "उद्यापास्नं ये बाई कामावर."

उपासना हलली नाही. "चोर म्हणालात ते सगळ्यांच्या पुढं, सर. न्हाय म्हणायचं तेबी सगळ्यांच्या पुढंच म्हणा."

भीमाप्पांनी शिपायाला सगळ्यांना बोलवायला सांगितले. अक्काताईंचे गुडघे ठणकत होते, तरी त्या ते ऐकायला उभ्या राहिल्या.