नळीतलं दूध

प्रभावतीच्या मानेतल्या गाठी काढून आठवडा उलटला, तरी जखमेत बसवलेल्या नळीतून दूध यायचं थांबेना. दूध नव्हे, पण दिसायला दूधच. डॉक्टर मालविकानं समजावलं होतं, खाल्लेलं तूप-लोणी एका बारीक वाहिनीतून मानेपर्यंत चढतं आणि तिथं रक्तात मिसळतं. ती वाहिनी कुठंतरी फुटलीय. म्हणून आधी तूप बंद, मग तोंडानं पाणीसुद्धा बंद. पोषण शिरेतून. आता स्राव नितळ यायला हवा होता. सकाळी यायचाही. दुपार टळली की पांढराफेक.

"चोरून कोण पाजतंय, काका? हे थांबलं नाही तर मान परत उघडावी लागेल. काकूंचं हृदय दुसरी भूल सोसणार नाही."

मालविकाच्या या बोलण्यावर प्रभावतीचा नवरा दत्तात्रेय भडकला. बँकेत जन्म घासलेला माणूस, देव-पितर सगळं थोतांड म्हणणारा. पण पितृपक्षात गंगेकाठच्या बालाजी घाटाच्या गल्ल्यांत श्राद्धाला बसायला ब्राह्मण मिळेनात, तेव्हा शेजारी त्यालाच धरून नेत. दुसऱ्यांचे बाप आपल्या तोंडानं जेवतात, यावर तो हसायचा आणि खिरीच्या दोन वाट्या चोपायचा.

आताही पितृपक्ष चालू होता, रोज कुणीतरी बोलवायचं. त्या दिवशी शेजारच्या विश्वेशच्या वडिलांचं श्राद्ध जेवून तो थेट दवाखान्यात प्रभावतीच्या खाटेशी आला. तोंडात अजून वेलदोड्याची चव होती. नळीत नितळ थेंब. त्यामागून पांढरी रेघ उगवली, सावकाश, पहाटे गंगेपलीकडची रेती उजळत जावी तशी, आणि नळी भरून वाहू लागली. प्रभावतीनं झोपेत ओठ चाटले.

त्याचे हात आपोआप जोडले गेले.

दुसऱ्या दिवशी कुणी बोलावलं नाही. नळी नितळ. तिसऱ्या दिवशी तो मुद्दाम दोन घरी जेवला. मालविकाला नळीची पिशवी दोनदा बदलावी लागली.

सर्वपित्रीला त्यानं सगळ्यांना नकार दिला. आमची गेलेली माणसं उपाशी ठेवणार का, म्हणून विश्वेश दारात येऊन भांडून गेला. दत्तात्रेय घरी कोरडी पोळी चावत बसला.

त्यानंतर पांढरं आलंच नाही.

मालविका म्हणाली, आता मलई देऊन बघू. नितळ राहिलं तर नळी काढते. दत्तात्रेयनं वाटीभर आणली. दोन चमचे भरवले. संध्याकाळपर्यंत नळी नितळ राहिली. मालविका हसून बाहेर गेली.

त्यानं तिसरा चमचा उचलला. प्रभावतीनं वाटीवर हात ठेवला.

"राहू द्या हो. विश्वेशचे वडील कधीचे पायथ्याशी उभे आहेत. त्यांची खीर मीच खाल्ली ना."

दत्तात्रेयनं तिकडे न बघता पायथ्याचं स्टूल मोकळं केलं.