उद्याचा संत

सेंत-ओरेल बेटावरच्या जुन्या किल्ल्याला उजाडताना पहिली तिरीप लागली, त्याच सुमारास खाली कोळ्यांनी मिर्लांदचं प्रेत समुद्रातून काढून वाळूवर ठेवलं. सरकारी टेलिव्हिजनवर नऊ वर्षं बातम्या सांगणारा चेहरा त्यांनी लगेच ओळखला. बोभाटा न करता त्यांनी तिच्या नवऱ्याला गुपचूप निरोप धाडला. नवरा एलियाझार किल्ल्यावरच कामाला होता. तोफांच्या जागी आता प्रक्षेपणाचा मनोरा होता, आणि दारूकोठारातली यंत्रं तो सांभाळी.

तीन दिवसांपूर्वी सेनापतीने राज्य बळकावलं होतं. त्याचं घोषणापत्र वाचायला मिर्लांदने नकार दिला, ती मावशीकडे लपली आणि तिथूनच नाहीशी झाली. ती कुठे आहे ते सांगा, मगच उठू, म्हणून लोक चौकात ठाण मांडून होते.

दुपारी फेनेलोन धापा टाकत वर आला. तो वृत्तविभागाचा प्रमुख आणि एलियाझारच्या मुलीचा बाप्तिस्म्यातला धर्मपिता. त्या नात्याने दोघे एकमेकांना ‘कोंपे’ म्हणत.

“कोंपे, राज्य उलथलं, पण तुझ्या पायऱ्या काही कमी झाल्या नाहीत!” त्याने टेप पुढे केली. “सहाच्या बातम्या. मिर्लांदच्या.”

“ही जुनी आहे.”

“मार्चमधली. कुणाला कळतंय? ती धडधाकट दिसली की चौक रिकामा होईल. उद्या तिला घरी सोडतील.”

“तू पाहिलंस तिला?”

“आज सकाळीच. कॉफी पीत होती. तुझ्यापेक्षा बरी करतात म्हणाली.”

सकाळी एलियाझारने तिच्या केसांतली वाळू धुतली होती.

“ती मावशीकडे आहे हे आपल्या दोघांनाच माहीत होतं, कोंपे.”

फेनेलोन समुद्राकडे बघत राहिला. “मला चार मुलं आहेत,” तो म्हणाला. मग जाताजाता म्हणाला, “शेवटी संताचं नाव येईल. त्याच्या आत तोड.”

त्या बेटावर बातम्यांचा शेवट उद्याच्या संताच्या नावाने होई. म्हाताऱ्या तर तेवढ्यासाठीच टीव्ही लावत.

सहा वाजता एलियाझारने कोठाराचं लोखंडी दार आतून लावलं आणि टेप सुरू केली. पडद्यावर मिर्लांद उसाबद्दल बोलली, नव्या पुलाबद्दल बोलली. शेवट जवळ आला तरी तो बटणापासून दूर उभा राहिला. बाहेर फेनेलोन दार बडवत होता, “कोंपे, तोड! दोघंही मरू!”

मिर्लांद हसली. “उद्या संत जोसेफ. सगळ्या जोसेफांना शुभेच्छा.”

नोव्हेंबर चालू होता. संत जोसेफ मार्चात येतो. चौकातल्या दुकानातल्या टीव्हीपुढे एका म्हातारीने डोक्यावरची टोपली खाली ठेवली. “मारली रे पोरीला,” ती म्हणाली. मग कुणीच घरी गेलं नाही.

एकोणीस दिवसांनी सेनापती पळाला. एलियाझार कैदेतून सुटला, तेव्हा त्याचा उजवा हात कामातून गेला होता. नव्या सरकारला अनुभवी माणूस हवा होता, म्हणून वृत्तविभाग फेनेलोनकडेच राहिला.

एलियाझार दर मार्चमध्ये, संत जोसेफच्या आदल्या दिवशी, तीन ओळींचा कागद घेऊन त्याच्या कचेरीत जातो. फेनेलोन तो घेतो, खुर्ची देतो, कॉफी मागवतो. एलियाझार बसत नाही.

मिर्लांद मेल्याची बातमी त्या टेलिव्हिजनवर अजून कुणी वाचलेली नाही.