डावखुऱ्याची पट्टी

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल त्यांनी खुशाल हसावं. माझ्या सख्ख्या भावाची आहे. मी ती हसवायला सांगत नाही.

सन १९८४. ऑगस्ट, तिकडचा ऐन उन्हाळा. आखातातल्या मनामाच्या बंदराजवळची सहा मजली ऑफिसची इमारत. मी तिथे चौथ्या मजल्यावर टायपिस्ट होते.

माझा भाऊ इद्रीस तिथेच एसीच्या थंड पाण्याच्या पाइपांवर आवरण चढवायचा. आत काचेच्या तंतूंची लोकर, वर कापडी पट्टी, त्यावर पांढरा लेप. तो डावखुरा. त्याची पट्टी बाकी सगळ्यांच्या उलट दिशेने फिरायची. काम झालं की पाइपला तळहाताने तीनदा थोपटायचा.

थप... थप... थप.

"पोकळ वाजलं तर आत हवा शिरलीय समज, बद्रिया. मग पाइपला घाम फुटतो. थंडावा छतातच मुरतो, वीज जळते, आणि खाली तुम्हाला उकडतं."

"लेकरासारखं निजवतोस पाइपला!"

"लेकरं तरी मध्येच उठतात. माझा पाइप उठत नाही."

मुख्य इंजिनिअर जाफरला घाई होती. चौथ्या मजल्यावरचे व्हॉल्व्ह त्याने आवरणाविना उघडेच ठेवायला लावले.

"खालचं खोटं छत बसलं की कोण बघतंय? चल पुढच्या मजल्यावर."

"साहेब, अर्धं काम मी सोडत नाही."

"तू सोडत नाहीस, मी सोडायला सांगतोय."

छत बसलं. त्या उन्हाळ्यात नेमकं माझ्या टेबलाशेजारी पाणी ठिबकू लागलं. खाली बादली ठेवली. वीज भरमसाट जळत होती. मालक भडकला. जाफरने इद्रीसला भर दुपारी छतात चढवलं. वीज बंद न करता.

ओली तार होती. तो जिवंत खाली उतरला नाही.

जाफरने अहवाल लिहिला, 'कारागिराचा निष्काळजीपणा. काम अर्धवट सोडले.' आणि तो टाइप करायला माझ्याच हातात दिला.

मी टाइप केला.

चाळीस वर्षं झाली. तो राग गेलेला नाही. जाफरवरचाही आणि माझ्यावरचाही.

तेव्हा मनाशी ठरवलं, त्याच्या मृत्यूचा चाळिसावा दिवस होऊ दे. मग मालकासमोर ते छत उघडायला लावायचं. सगळे व्हॉल्व्ह उघडे दिसतील. निष्काळजीपणाने एखादा राहतो, सगळेच्या सगळे नाही. हुकूम कोणाचा होता, ते जाफरला सांगावंच लागेल. माझ्या भावाचं नाव धुऊन निघेल.

चाळिसाव्याला आठवडा उरला होता. भर दुपारी डोक्यावर आवाज आला...

थप... थप... थप.

वाटलं, पाइप वाजत असेल.

दुसऱ्या दिवशी तोच आवाज थोडा पुढे सरकला...

मग ठिबकणं थांबलं.

बादली कोरडी पडली. खोलीत इतका गारवा आला की मी शाल आणली. तेव्हाच कळायला हवं होतं. मला कळलं नाही.

चाळिसाव्याच्या दुसऱ्या दिवशी मालक आला. जाफर आला. म्हातारा सुतार हाजी सलमान शिडीवर चढला. छताचा पत्रा सरकवून त्याने बॅटरी आत मारली...

आणि ती इकडून तिकडे फिरवतच राहिला.

"हाजी, बोला ना! उघडे आहेत की नाही?"

"नाही गं पोरी... सगळे झाकलेत."

मी त्याला खाली ओढून स्वतः चढले. एकूण एक व्हॉल्व्ह गुंडाळलेला. पट्टी उलट दिशेने फिरलेली. मी बोट लावलं...

लेप ओला होता.

"बघा," खालून जाफर म्हणाला, "मी कुठे काय उघडं सोडलं होतं?" पण त्याच्या कपाळावर त्या गारठ्यातही घाम होता. त्याला माहीत होतं. मलाही माहीत होतं.

वीज निम्म्याने कमी जळू लागली म्हणून जाफरला मालकाने शाबासकी दिली. तो पुढे अम्मानला गेला, तिथेच अंथरुणात, सुखाने मेला. हाजी सलमान पुन्हा कधी शिडी चढला नाही. इद्रीसची बायको सबीका पोरींना घेऊन मुहर्रकला माहेरी गेली. त्या पोरी आजही बापाच्या कामाचा विषय काढत नाहीत. इमारत अजून उभी आहे. अहवालही कुठल्यातरी फायलीत आहे, खाली टाइप करणारीचं नाव माझं.

मी आता एकटीच राहते. उन्हाळ्याच्या दुपारी कधीकधी माझ्याही छतात आवाज येतो...

थप... थप... थप.

मी ओरडते. "माणसाने मेल्यावर तरी अर्धं काम सोडावं, इद्रीस! तेवढाच एक पुरावा होता तुझा!"

आवाज थांबतो.

थोड्या वेळाने पुढच्या खोलीत सुरू होतो.