निळा थेंब

"मीठ निघालं, संघदीपभाऊ! चार वर्षं वाढवलेल्या स्फटिकांच्या जागी मीठ! प्लेट बदलली कोणीतरी."

रचना मेश्राम उभ्यानेच बोलत होती. अर्जुनी मोरगावची ही मुलगी गोंदियातल्या एका प्रयोगशाळेत मलेरियाच्या जंतूवर संशोधन करायची. संघदीप खाजगी तपासाची कामं घेई आणि भोजराज त्याच्याबरोबर फिरे. भोजराजच्या डोक्यात उशिरा उजेड पडे, पण गुन्हेगाराचं नाव तो सगळ्यांच्या आधी सांगे.

जंतू रक्तपेशीत घुसतो तो ॲक्टिन नावाच्या प्रथिनाच्या दोऱ्यांच्या जोरावर. त्या दोऱ्यांना लगाम घालणाऱ्या दुसऱ्या प्रथिनाचा आकार कळला, तर औषधाची वाट सापडेल. आकार कळायला त्याचे स्फटिक करून क्ष-किरण सोडावे लागतात.

"काल किरण सोडले. आता आमच्या गाईड अल्का मॅडम म्हणतात, विषयच सोड. मी घरी काय सांगू जी?"

प्रयोगशाळेच्या किल्ल्या रचनासकट चौघांकडेच होत्या. तिथे जाऊन संघदीपने स्फटिक थेंबाथेंबांत वाढवायची ती प्लेट उजेडात धरली. तिच्यातले सगळे थेंब पाण्यासारखे स्वच्छ होते.

"मी कायले हात लावू?" सफाई करणाऱ्या शामकलाबाई कडाडल्या. "मागच्या हप्त्यात रचनाबाईच्या हातून निळा रंग सांडला, तो घासता घासता हात दुखून राहिले. एका थेंबात टाकला, प्लेट हलवू नका, म्हणे."

"रंग मीच घोळून दिला, भैया," सहकारी अतुल म्हणाला. "प्रथिनाचा स्फटिक रंग पितो, मीठ पीत नाही. त्यानं प्यायला, आम्ही नाचलो! मॅडम नागपूरला होत्या. उनका पुराना नक्शा, म्हणजे त्यांनी काढलेला या प्रथिनाचा आकार, गलत निकलेगा, असं रचना मला म्हणाली होती."

"हाच तो पोट्टा. जळून राहिला," भोजराज कुजबुजला.

रचनाला घडवणाऱ्या अल्का मॅडम शेवटी आल्या. त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "वेडे, आधी रंगाची चाचणी केली असतीस, तर ही वेळ आली नसती."

रचनाने तोंड उघडलं. संघदीपने हातानेच तिला थांबवलं.

"केली होती तिने चाचणी," तो म्हणाला. "खोटी प्लेट कोणीतरी आधीच हुबेहूब करून ठेवली आणि घाईत बदलली, निळा थेंब तेवढा राहिला. अतुलने रंग घोळला, शामकलाबाईंनी डाग घासले. दोघांपैकी कोणी प्लेट बदलली असती, तर एक थेंब निळा केलाच असता. ते माहीत नसलेलं किल्लीवालं माणूस एकच, मॅडम. तुम्ही नागपूरला होतात."

भोजराजला धक्काच बसला. 

"या प्रथिनाचा जुना आकार मी छापलाय. हिचे स्फटिक तो खोटा पाडतील, हे मला दिसत होतं," मॅडम खाली बघत म्हणाल्या. "सगळी हयात तोच शिकवला."

खरी प्लेट त्यांच्या घरच्या फ्रिजमध्ये, दह्याने भरलेल्या गंजामागे निघाली. फेकायला त्यांचा हात धजला नव्हता.

रचनाने ती उजेडात धरली. एक थेंब निळा होता.

"मी बाहेर कोणालेच सांगितलं नव्हतं, मॅडम," ती रडत म्हणाली. "आकार निघाला की पहिल्यांदा तुम्हालेच दाखवणार होते."