पडलेल्या चेहऱ्याचं कारण

दुपारच्या वेळी दवाखान्याच्या उपाहारगृहात बसायला जागा मिळायची म्हणजे नशीब लागतं. त्या दिवशी तिचं नशीब जोरावर होतं. खिडकीजवळच्या टेबलाशी एक खुर्ची चक्क रिकामी होती. अडचण एवढीच, की समोरच्या खुर्चीत एक तरुण बसला होता आणि तो डाव्या हातातल्या पेल्यातलं पाणी उजव्या हातातल्या पेल्यात ओतत होता. मग उजव्यातलं डाव्यात. अगदी जीभ दाताखाली धरून, मन लावून.

"तहान लागली की पाणी पितात," ताट ठेवत ती म्हणाली. "असं झुलवत नाहीत."

"सराव करतोय." त्यानं मान वर केली नाही. "एक थेंब सांडायला नको. मलाच जमलं नाही, तर लोकांना कुठल्या तोंडानं करायला सांगू?"

"कुठल्या लोकांना?"

आता त्यानं मान वर केली. तिच्याकडे पाहिलं... आणि अर्धा पेला पाणी सरळ तिच्या बाहीवर.

"अरे देवा! सॉरी — थांबा, हा रुमाल घ्या. स्वच्छ आहे. म्हणजे, सकाळी तरी होता."

तिला हसू आवरेना. बाहेर पावसाची भुरभुर चालली होती, खिडकीच्या काचेवर वाफ धरली होती, आणि बाही भिजलेली असूनही तिला उगाचच बरं वाटत होतं. तो बोलायला मोकळा होता. भाजीत मीठ किती, छत्र्या हरवतात कशा, वरच्या मजल्यावरची लिफ्ट कधी चालते, असल्या बिनकामाच्या गप्पांत जेवण कधी संपत आलं ते कळलंच नाही.

"तुम्ही असता कुठे?" तिनं विचारलं.

"तिसऱ्या मजल्यावर. हातांची थरथर मोजतो."

तिचा घास हातातच राहिला. ती उठली, ताट उचललं आणि निघालीच.

"अहो! पाणीच होतं ते! एवढं काय रागावायचं?"

"रागावले नाही." ती वळली. "मी तळमजल्यावर असते. गोळ्यांच्या खिडकीत."

"ओ..." त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे आपण —"

"बोलायचंच नाही."

यात तिचा नखरा नव्हता, नियमच तसा होता. हात थरथरणाऱ्या माणसांसाठी एक नवं औषध आलं होतं. ते खरंच काम करतं का, हे त्या दवाखान्यात तपासत होते. निम्म्या रोग्यांना खरं औषध, निम्म्यांना नुसत्या पिठाच्या गोळ्या. रंग तोच, आकार तोच, डबीही तीच. कुणाला काय मिळतंय हे ना रोग्यांना ठाऊक, ना हात मोजणाऱ्या डॉक्टरांना, ना सगळ्यांच्या वर असलेल्या मोठ्या बाईंना. कारण मोजणाऱ्याला एकदा कळलं, की मनात असतं तेच त्याच्या डोळ्यांना दिसायला लागतं. सगळ्या इमारतीत ते गुपित एका माणसाच्या पोटात होतं. तो माणूस म्हणजे ही. रोगी तिला गोळीताई म्हणत. आणि तिसऱ्या मजल्यावरच्या त्या तरुण डॉक्टरला, लोकांना पाणी ओतायला लावून सांडलेलं पाणी मोजतो म्हणून, सगळे मापाडी म्हणत.

आता गंमत बघा. जिच्या पोटात कधी तीळ भिजला नाही, तिच्यावर नेमकी ही जोखीम. लहानपणी घरात काही फुटलं की आई हिला विचारायचीसुद्धा नाही, नुसतं तोंड बघायची. नोकरी लागल्यावर आईनं कपाळाला हात लावला होता. "जीभ आवरशील गं बाई, पण चेहऱ्याला काय करशील?" म्हणून खिडकीत बसताना ती चेहरा अगदी कोरा ठेवायची. इतका कोरा, की काही रोग्यांना वाटे, गोळीताईला दाढदुखी असावी.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो पुन्हा त्याच टेबलाशी.

"नियमात असं आहे," तो हळूच म्हणाला, "की कामाबद्दल बोलायचं नाही. भाजीबद्दल काही म्हटलेलं नाही. मी नीट विचारून आलोय."

"कुणाला विचारलंत?"

"मोठ्या बाईंना."

"आणि त्या काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, भाजीबद्दल बोलण्यासारखं काही असतं का?"

झालं, ती बसली. मग रोजच बसायला लागली. रोगी, गोळी, हात, थरथर एवढे शब्द वगळून दोन माणसं किती बोलू शकतात, हे त्या दोघांकडून शिकावं. त्याची धाकटी बहीण घर कसं डोक्यावर घेते ते तिला पाठ झालं. तिला जिन्यावरून उतरताना पायऱ्या मोजायची खोड आहे, हे त्याला कळलं. कधी बोलता बोलता तो एकदम गप्प व्हायचा आणि तिच्याकडे नुसता बघायचा.

"काय बघताय?"

"काही नाही... तुम्ही खोटं हसता तेव्हा फक्त डावा गाल हलतो."

"आणि खरं हसते तेव्हा?"

"तेव्हा मला डावं-उजवं बघायचं भान राहत नाही."

ती पाण्याचा पेला तोंडाला लावून बसली. त्यात पाणी नव्हतं, हे तिच्या लक्षात आलं नाही.

असे महिने गेले. तिला तो आवडत होता, हे तिनं स्वतःशी कबूल करून टाकलं होतं. स्वतःपासून लपवायची तिला सवयच नव्हती.

आणि मग एका सकाळी ती खिडकीमागे डब्या लावत असताना वॉर्डातल्या सिस्टर आल्या. बातमी कुठलीही असो, ती वाटल्याशिवाय सिस्टरांना अन्न गोड लागत नसे.

"कळलं का? तुमच्या मापाड्याचं ठरलं म्हणे! मोठी सुट्टी टाकलीय. लग्न आहे घरात."

"कुणाचं?" तिनं विचारलं. आपला आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला.

"घरात लग्नाचं तेवढंच एक पोर आहे की! आणखी कुणाचं असणार?" सिस्टर पुढच्या खिडकीकडे पसार झाल्या.

नेमके त्याच क्षणी घड्याळवाले आजोबा आले. उभ्या आयुष्यात त्यांनी मनगटी घड्याळं दुरुस्त केली आणि म्हातारपणी हातच असा थरथरायला लागला, की चिमटासुद्धा धरवेना. आज मात्र स्वारी खुशीत होती.

"पोरी, गुण आला बघ! काल चहा प्यालो, बशीत एक थेंब नाही. तुझ्या गोळीची करामत!"

"छान... छान झालं, आजोबा," ती म्हणाली. पण डोळे भरून आले होते आणि चेहरा पार पडला होता. आजोबांचं बोलणं तिला धड ऐकूही आलं नव्हतं. आजोबांना खरंच गुण येत होता, आणि त्यांच्या डबीत खरं औषध होतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. एरवी तिला केवढा आनंद झाला असता! तिनं मान खाली घातली, म्हणून समोरच्या जिन्यावर थबकलेला मापाडी तिला दिसला नाही.

त्यानंतर तो उपाहारगृहात आलाच नाही. तिनं समजायचं ते समजून घेतलं. लग्न ठरलेल्या माणसानं दुसरीच्या समोर बसून भाजीवर चर्चा करू नये, हे बरोबरच होतं. बरोबर असूनही घास उतरत नव्हता, ती गोष्ट वेगळी.

आठवड्याच्या शेवटी मोठ्या बाईंनी तिला वर बोलावलं. खोलीत तो आधीच उभा होता, शाळेतल्या मुलासारखे हात मागे बांधून.

"बसा," मोठ्या बाई म्हणाल्या. "हे म्हणतात, एका रोग्याला काय मिळतंय ते यांना कळलंय. काय कळलं ते मला सांगायचं नाही, माझे कान स्वच्छ राहू देत. पण कसं कळलं, ते यांच्यासमोर सांगा."

"यांनी काही सांगितलं नाही, बाई. यांची चूक नाही." त्यानं घसा खाकरला. "खिडकीशी एक रोगी काहीतरी म्हणाला आणि मी... यांचा चेहरा पाहिला."

"तो तर रोज शंभर माणसं बघतात. आणि मुळात तुमचा जिना मागचा. पुढच्या जिन्यावर तुम्ही काय करत होता?"

"तिथून खिडकी दिसते."

मोठ्या बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"मी रोज तिथूनच जातो, बाई. त्यांचा कुठला चेहरा कशाचा, हे मला आता... पाठ झालंय. मला त्या फार आवडतात. त्यामुळे त्यांच्यापासून काही लपवता येत नाही, आणि त्यांना माझ्यापासून. म्हणून मी मोजायला नको."

मोठ्या बाईंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. "एवढ्या वर्षांत नियमभंगाचं हे कारण पहिल्यांदाच ऐकतेय," त्या म्हणाल्या. मग तिच्याकडे वळल्या. "यांना या कामातून काढावं लागेल. यावरच यांची पदवी होती, ती आता नव्यानं दुसऱ्या विषयात. तुम्हाला काही बोलायचंय?"

बोलायचं होतं की! तिच्या ओठांवर आलंच होतं. तिला सगळा उलगडा झाला होता: त्याला वाटत होतं, आजोबा पिठाच्या गोळीवर खूश झाले म्हणून हिला वाईट वाटलं. साफ चूक! नुसतं 'नाही' म्हटलं असतं, तरी त्याची मेहनत वाचली असती. पण त्या 'नाही'तून आजोबांची डबी उघडी पडली असती. आणि आपला चेहरा का पडला, हे सांगितलं तरी तेच; अंदाज बरोबर असता तर ही तो खोडायला आलीच नसती, हे त्यानं लगेच ओळखलं असतं. ज्याच्यासाठी जीव तुटत होता त्याचं नुकसान डोळ्यांसमोर होत होतं, औषध तिच्या हातात होतं, आणि ते तिला देता येत नव्हतं. तिनं दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले.

"नाही, बाई," ती म्हणाली. "काही बोलायचं नाही."

"शाबास. उद्यापासून खिडकीला दुधी काच बसवून घ्या."

बाहेर आल्यावर दोघं बाकावर बसली. पाऊस नुकताच थांबला होता, झाडांवरून पाणी टपटपत होतं.

"सॉरी," तो म्हणाला. "तिथं सगळ्यांसमोर असं... तुम्हाला अवघड झालं असेल."

"तुम्ही गप्प बसला असतात तर कुणालाही कळलं नसतं."

"हो. आणि मी त्या माणसाचा हात मनातल्या मापानं मोजत बसलो असतो." तो हसला. "जाऊ द्या. आता घरोघरी हिंडायचं काम मिळतंय. लोक औषधं अर्ध्यावर का सोडतात, ते विचारायचं. बहिणीच्या लग्नापर्यंत सुट्टी, मग सुरू."

"बहिणीच्या?"

"हो, धाकटीच्या. सिस्टर तर सगळीकडे माझंच म्हणून सांगत सुटल्यात! तुम्हालाही सांगितलं की काय?"

तिनं जीभ चावली. आता कुठलाही शहाणा माणूस दोन आणि दोन चार करेल, असं तिला वाटलं. पण चेहरे वाचणाऱ्या या पंडिताला स्वतःच्या वाचनावर इतका भरवसा, की हिचे कान लाल का झाले, हेसुद्धा त्याच्या ध्यानात आलं नाही.

"तुम्ही मला आवडता," ती एकदम म्हणाली. "खूप. आज तर फारच. पण या कामातली एक गोष्ट आहे... ती तुम्हाला सांगितल्याशिवाय मी लग्नाला उभी राहणार नाही. आणि शेवटी डब्यांची सीलं उघडून कुणाला काय मिळालं ते जाहीर झाल्याशिवाय ती सांगता येणार नाही."

"मी लग्नाचं अजून विचारलं कुठं?"

"विचारणार नव्हता?"

"विचारणार होतो," तो नरमाईनं म्हणाला. "थांबतो."

आणि थांबला. दोन वर्षं. शहरातल्या घराघरांत हिंडून तो चपला झिजवत होता आणि ती दुधी काचेमागे बसून होती. मधल्या काळात 'अहो'चं 'अरे' झालं, तिच्या आईनं त्याला जेवायला बोलावून नीट पारखून घेतलं, आजोबांचा हात नव्या डॉक्टरनं मोजला. त्यानं मात्र एकदाही त्या डबीबद्दल विचारलं नाही.

सीलं उघडली त्या दिवशी मोठा हॉल गच्च भरला होता. औषध जादूचं निघालं नाही, पण कामाचं निघालं. खरं औषध घेणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांना त्यानं खरंच आधार दिला होता. टाळ्या चालू असतानाच तो मागच्या रांगेतून उठून तिच्याकडे आला.

"आजोबांना खरं औषध होतं," तो म्हणाला.

"हो."

"म्हणजे मी चुकलो."

"साफ चुकलास."

"आणि मोजत राहिलो असतो तर चांगला हात वाईट ठरवून मोकळा झालो असतो." तो खुर्चीत टेकला. मग एकदम सरळ झाला. "पण मग त्या दिवशी तू रडकुंडीला का आली होतीस?"

"तुझं लग्न ठरलंय, असं सिस्टर नुकत्याच सांगून गेल्या होत्या म्हणून."

तो तिच्याकडे बघतच राहिला. आधी त्याचे कान लाल झाले, मग तो इतक्या मोठ्यानं हसला की पुढच्या रांगेतल्या मोठ्या बाईंनी वळून चष्म्यावरून पाहिलं.

"आणि हे तू दोन वर्षं पोटात ठेवलंस? तू?"

"फार जड गेलं," ती म्हणाली आणि तिचे डोळे खरंच भरून आले. "तुझी पदवी गेली तेव्हा तर... एका शब्दाचं काम होतं रे."

"तो शब्द बोलली असतीस तर मला तू इतकी आवडली नसतीस." त्यानं तिचा हात हातात घेतला. "आता काही सांगायचं राहिलंय?"

"नाही."

"मग विचारू?"

तिनं नुसतं त्याच्याकडे पाहिलं, सगळा चेहरा उजळून.

"असं नाही चालायचं," तो म्हणाला. "चेहरा बघून ठरवायचं मी सोडून दिलंय. तोंडानं सांग."

"हो," ती म्हणाली. आणि त्याला ऐकू आलं नसेल म्हणून पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं, "हो!"