पिशवीवाली बेडकी

"पळ, विल्मर! कुत्रं सुटलंय!"

हातातली बादली न सांडता सिसाने कुंपणावरून उडी मारली. मागोमाग तिचा आत्तेभाऊ विल्मर धपकन पडला, तोही पँट फाडून.

"तुझ्या त्या बेडकांपायी जीव जाईल माझा!"

"बेडकांपायी नाही, बाबांपायी!"

ते खरंच होतं. पाटात पिशवीवाले बेडूक मरून पडले होते आणि अख्ख्या गावाने सिसाच्या बाबांवर खापर फोडलं होतं. म्हणे, यानेच बटाट्यांवर विषारी औषध मारलं! आज श्रमदान संपलं की त्यांची पाण्याची पाळी कायमची बंद होणार होती. पाणी नाही तर बटाटे नाहीत, आणि मग गावच सोडावं लागणार.

पण एकाही शहाण्याने वर चढून बघितलं नव्हतं! बाबांच्या शेताच्या वरच्या अंगाला दॉन सेगुंदोचं ट्राउट माशांचं तळं होतं. गाव श्रमदानाला गेलं की त्याचा गडी ब्लीचिंग पावडरने तळ्याकाठचे माशांचे रिकामे हौद धुवायचा आणि ते पाणी पाटात सोडायचा. आज पोरांनी ते डोळ्यांनी पाहिलं. बादलीत तेच पाणी होतं. सिसाच्या टोपीत, ओल्या शेवाळावर, वाचलेली एक बेडकी होती. तिच्या पाठीवरची कातडीची पिशवी अंड्यांनी फुगली होती.

माळावर गाव जेवायला बसलं होतं. लांबलचक कापडावर प्रत्येकाने आपलं अन्न ओतलं होतं. सगळ्यांचं सगळ्यांनी खायचं. सिसाच्या आईच्या बटाट्यांना मात्र कोणी शिवलं नव्हतं. दॉन सेगुंदोने तळायला टबभर जिवंत मासे आणले होते.

"आली बघा विषवाल्याची पोरगी!" तो खिदळला.

"तुमच्या तळ्याखालचं पाणी आणलंय, दॉन सेगुंदो."

"मग? स्वच्छ आहे ते!"

"हो ना?" विल्मरने टबातला मासा उचलून बादलीवर धरला. "मग पोहू दे याला!"

"ए गाढवा, टाकू नकोस! मरेल तो!"

सगळे घास जागीच थांबले. सेगुंदोने जीभ चावली, पण आता काय उपयोग! विल्मरने मासा परत टबात सोडला.

पाणी समितीच्या अध्यक्ष दोन्या क्लेमेन्सियांनी बादली हुंगली आणि नाक मुरडलं. "पाळी बंद होणारच! पण या सेगुंदोच्या तळ्याची! शाब्बास, पोरांनो. आम्हा म्हाताऱ्यांना जे सुचलं नाही, ते तुम्ही केलंत!" त्यांनी सिसाच्या आईपुढचा बटाटा उचलला. मग भराभर हात पुढे आले.

"आता बरे गोड लागतात!" सिसा फणकारली. कोणीच वर बघेना. तिने टोपी उचलली.

"अगं, शाबासकी तरी घे!" विल्मर ओरडला.

"तू घे माझ्या वाटची. मी हिला सोडून येते, तळ्याच्या वर!"