तिसऱ्या यादीतलं नाव

पेणजवळच्या जोह्यातल्या आमच्या मूर्तीच्या कारखान्यात आदेश नावाचा तो मुलगा पहिल्यांदा आला, तेव्हा माझ्या नाकाला शाडू लागली होती आणि मी लॅपटॉपला शिव्या घालत होते.

"रोह्याहून आलोय, मूर्ती बुक करायला. शिव्या संपल्या की सांगा, मॅडम."

"एवढ्यात नाय संपत! आठवड्याची यादी उघडली की आजची जाते, आजची उघडली की आठवड्याची..."

कामं मी साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये लिहायचे. त्यातली नियोजनाची सोय तारखेप्रमाणे याद्या काढून द्यायची, पण एका वेळी एकच. त्याने स्टुलावर बसून सेटिंगमध्ये एक ओळ टाकली. दोन्ही याद्या शेजारी शेजारी उघड्या राहिल्या.

"आता हव्या तेवढ्या ठेवा उघड्या."

"हव्या तेवढ्या?"

"व्हय... मनात ठेवता तशा."

मेला! पहिल्याच भेटीत.

मग दर रविवारी, रोह्यातल्या त्याच्या कंपनीच्या सुट्टीला, तो मूर्ती 'बघायला' यायला लागला. गणपतीचे डोळे आखणारी सरूमावशी हातातला ब्रश न थांबवता म्हणायची, "गो समीक्षा, त्याच्या मूर्तीला अजून डोळे नाय आखले. मग ह्यो कोणाचे डोळे बघाया येतो?"

मी लाजायचे. ती लाज गोड होती. खरी लाज पुढे आली.

अशाच एका रविवारी त्याने विचारलं, "आमची मूर्ती कधी मिळेल?" स्क्रीन त्याच्याकडे वळवून मी उघड्या याद्या चाळायला लागले. आजची. आठवड्याची. आणि तिसरी... जी उघडी आहे हेच मी विसरले होते.

'स्थळं.
निकेश, वडखळ – स्वतःचं घर.
धनेश, कोलाड – हॉटेल.
आदेश, रोहा – कंत्राटी. पर्मनंट झाला तर बघू.'

त्याने वाचलं. परत वाचलं.

"बघू..." तो हसला, पण कसंनुसं. "नीट लिहिलंयस." हेल्मेट उचललं आणि गेला.

ती यादी आई-बापाच्या माथी मारता आली असती, पण ते खोटं. बाजारात वांगी निवडावीत तसा मीच माणूस निवडत बसले होते. दोन दिवस घास गिळवेना.

बुधवारी पेणहून रोह्याची एसटी पकडली. तीनची शिफ्ट सुटली तेव्हा मी कंपनीच्या गेटवर उभी. पंधरा-वीस पुरुष टकामका बघत.

"काय बघता? माफी मागायला आलेय, भीक नाय!"

ते पांगले. आदेश समोर आला, डबा काखेत धरून.

"ती ओळ फाईलीत अजून हाय?"

"नाय. महिन्यापूर्वीच सगळी नावं पुसली."

"मग तेव्हाच का नाय बोललीस? उघडी ठेवलेली यादी आपोआप बदलत नाय, ती ताजी करावी लागते. मला माहीताय ते. मी मानलं असतं."

"म्हणूनच नाय बोलले... लिहिलं मीच होतं ना."

तो म्हणाला, "मी अजून कंत्राटीच हाय."

"मी विचारलं?" माझा आवाज फाटला. "मला तू हवायस. बाकी काय नाय."

"मला राग हाय अजून."

"असू दे. थांबते मी."

"इथं नको, सगळे बघतायत." त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "काय खाल्लंस?"

काही नाही म्हणून मी मान हलवली.

"चल."

तो पुढे, मी मागे. वळणावर त्याने पाऊल हळू केलं. मी शेजारी आले... तरी वर बघायची हिंमत होईना. त्याच्या कंपनीच्या बुटांवरची धूळ बघत, तशीच चालत राहिले.